कडू घासाआधीची भाकरी

माय गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली. पुढचे सात दिवस आमच्या घरात जे काही झालं ते सगळं या एका गोष्टीवरून झालं, म्हणून तीच आधी सांगून टाकते.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, नांदेडला एका सरकारी कचेरीत शिपाई होते. लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा तिकडे माणसं हवी होती, आणि अण्णांनी हौसेनं बदली मागून घेतली. नवा जिल्हा म्हणजे काहीतरी नवं असेल, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात भाड्याच्या इमारतीत कचेरी, पोत्यांत भरून आलेल्या फायली आणि ओल्या रंगाच्या पाट्या. कोणती पाटी कोणत्या दारावर लावायची यावरून साहेबलोकांत रोज खडाखडी. कारकून सगळे बाहेरगावचे, बायकापोरं मागे ठेवून आलेले, एकेका खोलीत चौघे चौघे झोपणारे. त्यांच्या पोटाचं काय, हा विचार सरकारनं केला नव्हता. तो माझ्या मायनं केला.

मायनं डबे सुरू केले. आधी नऊ जण होते. आमचं आडनाव कळल्यावर दोघांना अचानक पित्ताचा त्रास सुरू झाला आणि ते गळाले. उरले सात. माय म्हणाली, बरं झालं, सात जणांची भाकरी गरम राहते. घाऊक स्वयंपाकाची तिला भीती नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती आणि वाट्याला आलेल्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची भाकरी, जी बाकीच्या बायकांच्या हातात तुकडे व्हायची, ती ही उकळत्या पाण्यात पीठ भिजवून अख्खी थापायची. हे ती सांगायची नाही, मामा सांगायचा. माय एवढंच म्हणायची की जीव गेला तरी त्या भाकरीचं नाव माझ्यापुढं काढू नका.

मी भाकऱ्या थापायला तिच्या शेजारी बसायची आणि मला ते आवडायचं. हे मी कुणाला सांगत नसे, कारण अण्णांना मला कॉलेजात घालायचं होतं आणि चुलीपुढं बसलेली पोरगी पाहिली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मला दोन्ही हवं होतं, कॉलेजही आणि चूलही. दोन्ही मागणाऱ्या पोरीला लोक हावरी म्हणतात. असेन मी हावरी.

त्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याचे हाल झाले. आठ-दहा दिवसांनी नळ, मध्येच कधी टँकर, नाहीतर विहिरीच्या तळातलं गढूळ पाणी. आम्ही ते फडक्यानं गाळून प्यायचो आणि गाळलं म्हणजे झालं असं समजायचो. मायला कावीळ झाली. तिनं ती अंगावर काढली, डोळे पिवळेधम्मक झाले तरी डबे भरत राहिली. शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं आणि चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. उन्हाळा असा की देह ठेवता येईना. लोह्याला मामाला आणि हदगावला आत्याला तारा केल्या, पण त्यांची वाट न बघता संध्याकाळीच अग्नी दिला. मामाला बहिणीचं तोंड बघायला मिळालं नाही. हेही पुढं लक्षात ठेवायला हवं.

आता ती सकाळ.

आमच्याकडे माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही. भावकी, सोयरे, शेजारी भाकऱ्या बांधून आणतात आणि घरच्यांना बळंच दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. गावात असतो तर आदल्या संध्याकाळीच दहा घरांतून टोपली आली असती. पण आम्ही नव्या जिल्ह्यात होतो, नव्या वस्तीत. डावीकडचे उस्मानाबादहून आलेले, उजवीकडचे उदगीरचे, समोरचे कुठले ते अजून ठाऊक नव्हतं. कुणी कुणाकडे कडू घास न्यायचा हे ठरायला एखादं मरण व्हावं लागतं, आणि त्या वस्तीतलं ते पहिलंच मरण होतं. जो तो समजला, दुसरा कुणीतरी नेईल. आमची घरमालकीण, लिंगायत विधवा बाई, मनानं चांगली. पण आपल्या घरची भाकरी यांना द्यावी की न द्यावी, दिली तर हे काय समजतील, या घोळात तिनंही दार उघडलं नाही. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

तर सकाळ झाली. अण्णा बाहेरच्या ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसले होते, रात्रभर तसेच. मी आत. घरात आवाज नव्हता. मी उठले, चुलीतली राख काढली, काड्या घातल्या, काठवटीत ज्वारीचं पीठ घेतलं. सात डब्यांचं. बेसन केलं, लसणाचं तिखट वाटलं. पहिली भाकरी तव्यावरून उतरली तशी मी ती तोडली आणि भिंतीकडं तोंड करून खाल्ली. दुसरीही खाल्ली. मग डबे भरले.

नऊ वाजता एक कारकून दारात आला. जालन्याकडचा, भिडस्त माणूस. तो खरं तर सांगायला आला होता की डब्यांची काळजी करू नका, आमचं आम्ही बघू. मी त्याच्या पुढं भरलेला डबा धरला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, ओट्यावरच्या अण्णांकडं पाहिलं, आणि काय करावं न कळून डबा घेतला.  बाकीच्या सहा जणांचे डबे त्यानंच दोन खेपांत नेले.

दुपारी आत्या आणि मामा पाठोपाठ पोचले. आत्या अण्णांची थोरली बहीण. तिनं उंबऱ्यातून आत पाय टाकला, रडायला तोंड उघडलं आणि तिची नजर चुलीवर गेली. चुलीत निखारे होते. काठवटीला ओलं पीठ होतं.

"हे कुनी पेटवलं?" तिनं विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"मायची राख थंडी झाली न्हाई आन तू भाकरी थापून राह्यलीस?"

"डबे द्यायचे होते."

मामा मागं उभा होता. त्याच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या होत्या. पहाटे मामीनं केलेल्या, लोह्याहून बसनं आणलेल्या. हा आमचा कडू घास होता, मायच्या माहेरून आलेला. त्यानं एकदा चुलीकडं पाहिलं आणि गाठोडं कोपऱ्यात ठेवलं.

"मंग ह्ये आता कुनाला?" तो म्हणाला.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. आधी बहिणीचं तोंड चुकलं, आता कडू घासही चुकला. आणि समोरच्याचं बरोबर असलं की मी हनुवटी वर करते. माझी ही सवय मला आयुष्यभर नडली आहे.

"आपल्यात सुतक न्हाई," मी म्हणाले. "अण्णाच सांगतेत."

हे मात्र आत्याच्या वर्मी लागलं. आजोबा वारले तेव्हा अण्णांनी सुतक, मुंडण, कावळ्याला घास, सगळं मोडून काढलं होतं. छप्पन साली धर्मांतर केलं तेव्हाच आपण ते सोडलं, आता कशाला, म्हणून भर भावकीत बहिणीशी भांडले होते आणि तिसऱ्या दिवशी कामावर गेले होते. आत्यानं ते तेव्हा गिळलं होतं, पण पचवलं नव्हतं. ती बाहेर ओट्यावर गेली आणि अण्णांच्या पुढं उभी राहिली.

"ऐकलंस का रं? तूच शिकवलंस ना? बापाच्या टायमाला आमाला शिकवलंस. आता भोग. लोका सांगे ब्रह्मज्ञान. बोल की. सांग की पोरीनं बराबर केलं म्हनून."

अण्णांनी मान खाली घातली. माझ्याकडं बघितलंही नाही. मी वाट बघत होते. बोलतील, एवढा जन्मभर जो मुद्दा सांगत आले तो एकदा माझ्यासाठी सांगतील. ते उठले, चपला घातल्या आणि कुठंतरी निघून गेले.

मामानं संध्याकाळी विषय काढला. पोरीला लोह्याला नेतो. घरात बाईमाणूस नाही, परके बाप्ये दारात डबे न्यायला येतात, हे बरं दिसत नाही. आणि त्याचा पोरगा लग्नाचा होताच. मामानं भाचीला सून करून घेणं आमच्याकडं नवल नाही. मामा वाईट नव्हता. त्याला बहीण राहिली नव्हती, बहिणीची पोर तरी घरात असावी असं वाटत होतं. पण त्याचा अर्थ कॉलेज नाही, डबे नाहीत, लातूर नाही. अण्णांनी मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाले, "सातव्याला बघू." सातव्या दिवशी पुण्यानुमोदन होतं. माणसं जमणार होती. त्या दिवशी ठरणार.

ते सहा दिवस मी विसरू शकत नाही. आत्यानं चूल ताब्यात घेतली आणि मला शिवू देईना. डबे बंद. मी पाणी भरायचं, भांडी घासायची. टँकर आला की घागर घेऊन धावायचं, बायकांच्या कोपरांतून वाट काढायची, आणि रिकाम्या हातानं आले तर आत्याचं ऐकायचं. ते मी सहन केलं असतं. सहन झालं नाही ते अण्णांचं. पहिल्या दिवशी त्या सकाळच्या दोन भाकऱ्या मी त्यांच्यासाठी झाकून ठेवल्या होत्या. त्यांनी त्यांना हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी आत्याच्या हातचं थोडं खाल्लं. एकदा आत्या अंघोळीला गेली असताना मी घाईनं त्यांचं ताट वाढून नेलं, तर म्हणाले, "भूक न्हाई." आत्या आली, तिनं तेच ताट परत पुढं केलं, तर दोन घास खाल्ले. म्हणजे भाकरी कुणाची हे महत्त्वाचं नव्हतं. वाढणारा हात माझा नको होता.

मला राग येत होता, खोटं कशाला बोलू. माणसानं जगाला एक सांगावं आणि घरात दुसरं करावं याचा राग. मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायची, त्यांचीच वाक्यं त्यांना ऐकवायची. आणि भांडता भांडता एका जागी येऊन अडखळायची, कारण मला ठाऊक होतं की मीही खोटं बोलले होते.

पाचव्या दिवशी घरमालकिणीनं मला मागच्या अंगणात हाक मारली. ती आमच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे, पण कुंपणापाशी उभं राहून तासभर बोलायची.

"तुमच्यातबी सुतक न्हाई म्हनं," ती म्हणाली. "आमच्यातबी न्हाई बघ. आमच्या धर्मात सांगितलंयच तसं."

मला बरं वाटलं. कुणीतरी माझ्या बाजूचं निघालं.

"पण आमचे मालक गेले तवा तीन दिस मी चूल न्हाई पेटवली," ती पुढं म्हणाली. "शास्तर म्हनून न्हाई, पोरी. हातच उठंना."

ती सहज बोलून गेली. मला टोचायला नव्हे. पण मी तिथंच थिजले. तिचा हात उठला नाही आणि माझा उठला. एका रात्रीत उठला. ती संध्याकाळ मी घागरीपाशी बसून काढली. मला वाटत होतं की माझ्यात काहीतरी कमी आहे, इतरांच्या पोटात जे असतं ते माझ्या पोटात नाही.

सातव्या दिवशी वस्तीतली आणि कचेरीतली माणसं आली. वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं. वंदना घेणारे गृहस्थ वयस्कर, निवृत्त शिक्षक होते. जेवणं व्हायची होती. आत आत्यानं वरण-भाताची पातेली उतरवली होती आणि भाकऱ्या मात्र मला थापायला लावल्या होत्या, कारण माणसं जास्त झाली आणि तिचे गुडघे गेले. मी चुलीपुढं होते, दार उघडं होतं, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

मामानं विषय काढला. "दाजी, पोरीचं सांगा. मला सांजच्या गाडीनं निघायचंय."

आत्यानं तिथंच सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं. माय मेल्याच्या दुसऱ्या दिवशी चूल पेटवणारी पोर. हिला आतापासून वळण लावलं नाही तर हाताबाहेर जाईल. न्या हिला लोह्याला.

 मग ते वयस्कर गुरुजी बोलले. शांतपणे, शाळेत बोलावं तसं. ते म्हणाले की मी हे ऐकलं होतं आणि मला या पोरीचा अभिमान वाटला. आपण सगळे तोंडानं सुतक सोडतो आणि वेळ आली की पाळतो. हिनं ते खरंच सोडलं. सात माणसं उपाशी राहू नयेत म्हणून दुःख बाजूला ठेवलं. अशी पोर शिकली पाहिजे.

माणसांनी माना डोलावल्या. मला दारातून अण्णा दिसत होते. सहा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मान वर केली. बुडणाऱ्याला काठ दिसावा तसं त्यांनी ते वाक्य धरलं.

"बराबर हाय," अण्णा म्हणाले. "आपल्यात सुतक न्हाई. माझ्या पोरीनं तत्त्वानं केलं. ती लातूरलाच राहील."

म्हणजे झालं होतं. मी जिंकले होते. कॉलेज, डबे, लातूर, सगळं. मला फक्त गप्प बसून भाकरी थापायची होती.

मी उठले आणि दारात जाऊन उभी राहिले. हाताला पीठ तसंच होतं. मी का बोलले हे आजही मला नीट सांगता येत नाही. गुरुजी ज्या पोरीचं कौतुक करत होते ती मी नव्हते, आणि तिच्या नावावर मिळणारी मायची चूल मला नको होती. एवढंच.

"तत्त्वानं नव्हतं," मी म्हणाले. "डब्यासाठी बी नव्हतं. मला भूक लागली होती."

आत्यानं माझ्याकडं वळून पाहिलं.

"आदल्या दिवशी दवाखान्यात सकाळपासनं काही खाल्लं नव्हतं. रात्री कुनी काही आणलं न्हाई. सकाळी भूक लागली म्हणून मी भाकरी केली. आधी मी खाल्ली. दोन खाल्ल्या. मग डबे भरले. सात डब्यांचं पीठ घेतलं, ते एकटीपुरतं घ्यायची लाज वाटली म्हणून."

आत्यानं पदर तोंडाला लावला. गुरुजी खाली बघू लागले. मामाचा चेहरा मला बघवेना. मला वाटलं, संपलं. आता लोहा.

अण्णा उठले नाहीत. बसल्या जागेवरून, माझ्याकडं नाही, सतरंजीकडं बघत बोलले. आवाज एवढा बारीक की मागच्या माणसांना पुढं सरकावं लागलं.

"मलाबी लागली व्हती."

सतरंजीची सुटलेली दशी ते बोटानं ओढत राहिले.

"मी भाईर बसलो व्हतो," ते म्हणाले. "आतून भाकरीचा वास आला आन माझ्या तोंडाला पानी सुटलं. ती जाऊन एक रात झालेली. मला पानी सुटलं. मी मनात म्हनलं, ही पोरगी मला एक भाकर आनून दील तर बरं. तवापासनं मला तिच्या हाताकडं बघवंना."

ते माझ्यावर रागावलेच नव्हते. सहा दिवस ते स्वतःच्या जिभेवर रागावले होते, आणि मी समोर ताट धरलं की त्यांना ती सकाळ दिसायची. मी सहा दिवस नको ती भांडणं भांडले होते. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

सर्वांत आधी मामा हलला. तो उठून अण्णांच्या शेजारी जाऊन बसला, मांडीला मांडी लावून. लोह्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं तो एकटा गेला.

पण त्याआधी अण्णा म्हणाले, "वाढ." मला म्हणाले. आत्यानं ताट पुढं केलं आणि ते माझ्या हातात दिलं. मी वरण वाढलं, भाकरी वाढली. अण्णा जेवले. खाली मान घालून, रडत, मोठे मोठे घास घेत, सात दिवसांचं जेवले. मी परत चुलीपुढं बसले, हातात पिठाचा गोळा घेतला आणि तेव्हा माय गेल्यानंतर पहिल्यांदा मला रडू आलं. तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही. आत्या ती टाकायला निघाली तर बाहेरून अण्णांनी हात पुढं केला आणि म्हणाले, तीबी दे.